छोट्या मायक्रोकंट्रोलरसाठी सी लायब्ररीचे बिल्ड: पार्श्वभूमी

सी भाषेच्या १९८९च्या मानकाने 'होस्टेड' (खाली ऑपरेटिंग सिस्टम असलेले) आणि 'फ्रीस्टँडिंग' (थेट चिपवर चालणारे) अशी दोन वातावरणे मानली. फ्रीस्टँडिंगमध्ये ऑपरेटिंग सिस्टम गृहीत धरलेली नव्हती आणि लायब्ररीकडून केवळ चार हेडर (घोषणांच्या फाइली) अपेक्षित होते, त्यांतही मुख्यतः टाइप आणि मॅक्रो होते. प्रत्यक्षात जीसीसी या कंपायलरला (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला) फ्रीस्टँडिंगचा पर्याय दिला तरी मेमसीपीवाय, मेममूव्ह, मेमसेट आणि मेमसीएमपी ही मेमरी कॉपी करणारी, भरणारी आणि ताडून पाहणारी चार फंक्शने कोणीतरी पुरवावीच लागतात, कारण मोठे स्ट्रक्चर कॉपी करताना कंपायलर स्वतःच ती कॉल करू शकतो. मानकातल्या आणि व्यवहारातल्या फ्रीस्टँडिंगमध्ये ही तफावत सुरुवातीपासून राहिली. स्ट्रिंग हेडरमधली बहुतेक फंक्शने फ्रीस्टँडिंगच्या यादीत आली ती थेट सी२३ मध्ये.

ही पोकळी १९९०च्या दशकापासून मुख्यतः न्यूलिब या सी लायब्ररीने भरून काढली. खाली ऑपरेटिंग सिस्टम नसेल तर वाचणे, लिहिणे, मेमरी वाढवून घेणे अशी मोजकी फंक्शने आपण लिहायची आणि वरची सारी लायब्ररी तशीच वापरायची, ही तिची मांडणी आजही टिकून आहे. मात्र तिच्या डोळ्यांसमोरची यंत्रे त्या मानाने ऐसपैस होती. प्रत्येक थ्रेडची (प्रोग्रॅममधल्या स्वतंत्र प्रवाहाची) स्थिती सांभाळणारे तिचे 'रीएंट' स्ट्रक्चर ३२-बिट आर्मवर एक हजाराहून अधिक बाइट घेत असे. एकूण रॅमच ४ किलोबाइट असलेल्या कॉर्टेक्स-एम० या लहान आर्म प्रोसेसरच्या चिपवर याचा अर्थ पाव रॅम प्रोग्रॅम सुरू होण्याआधीच संपणे असा होतो.

प्रिंटएफ या मजकूर छापणाऱ्या फंक्शनचे दुखणे याहून खोल होते. काय आणि कसे छापायचे ते सांगणारी फॉरमॅट स्ट्रिंग प्रोग्रॅम चालू असतानाच वाचली जाते, त्यामुळे तिच्यात पुढे काय येणार हे लिंकरला (कोडचे तुकडे जोडून अंतिम प्रोग्रॅम बनवणाऱ्या साधनाला) कळण्याचा मार्ग नसतो. एक साधा पूर्णांक छापायचा म्हटले तरी दशांश संख्यांचे रूपांतर करणारा भाग आत येई, त्याला मोठ्या संख्यांचे गणित लागे, त्या गणिताला मेमरी वाटून देणारा मॅलॉक लागे आणि मॅलॉकला मेमरी वाढवून घेणारे एसबीआरके. फंक्शनागणिक वेगळे सेक्शन (कोडचे वेगळे काढता येणारे भाग) पाडून न लागणारे सेक्शन गाळण्याची सोय होती, पण ही साखळी तिने तुटत नसे, कारण साखळीतली प्रत्येक कडी खरोखरच जोडलेली होती.

२०१२-१३च्या सुमारास आर्मच्या तयार टूलचेनमधून (कंपायलर, लिंकर आणि लायब्ररी यांच्या संचातून) न्यूलिब-नॅनो आली, तेव्हा अनेकांना ती नवी लायब्ररी वाटली. ती मुळात न्यूलिबच होती, फक्त वेगळ्या कॉन्फिगर पर्यायांनी बिल्ड (म्हणजे मूळ कोडपासून तयार) केलेली: रीएंट स्ट्रक्चर लहान, मॅलॉक साधा, फाइल हाताळणीतल्या वेगासाठीच्या सोयी बंद आणि प्रिंटएफचे स्वतंत्र, आटोपशीर रूप. रीएंट शंभर बाइटच्या आसपास उतरले. लहान चिपांवर सी लायब्ररी मोकळेपणाने वापरता येऊ लागली, याचे मोठे श्रेय या एका बिल्डला द्यावे लागेल.

वाद झाला तो दशांश संख्यांच्या छपाईवरून. तयार लायब्ररी एकदाच बिल्ड होते आणि हजारो प्रकल्पांत जाते, त्यामुळे दशांश हवेत की नकोत हा निर्णय बिल्डच्या वेळी घेणे शक्य नव्हते; तो लिंकिंगपर्यंत पुढे ढकलणे भाग होते. त्यासाठी प्रिंटएफने दशांशाच्या फंक्शनचा उल्लेख 'वीक' सिंबल (सापडले नाही तरी चालेल असे नाव) म्हणून केला. निव्वळ वीक उल्लेखासाठी लिंकर लायब्ररीच्या आर्काइव्हमधली (गठ्ठ्यातली) ऑब्जेक्ट फाइल, म्हणजे त्या फंक्शनचा कंपाइल झालेला कोड, ओढून आणत नाही आणि त्या जागी शून्य पत्ता राहतो. दशांश हवे असतील तर लिंकरला 'यू' पर्यायाने त्या सिंबलचे नाव सांगायचे, की संपूर्ण भाग आत येतो. रचना म्हणून हे अतिशय नेटके आहे.

परंतु तो पर्याय दिला नाही, तर काय होते? कंपायलर तक्रार करत नाही, लिंकर करत नाही, आणि 'तापमान %एफ' (%एफ ही दशांश संख्येच्या जागेची खूण) असे छापायला सांगितल्यावर 'तापमान' हा शब्द येऊन पुढची जागा कोरी राहते. सेन्सर बिघडला, की सीरियल पोर्ट अडला, की स्टॅक ओसंडला, असा शोध घेण्यात दिवस जातात. जागा वाचवण्याचा निर्णय योग्यच होता. मूक राहण्याचा निर्णय योग्य नव्हता, असे माझे स्पष्ट मत आहे. एव्हीआर या छोट्या चिपांसाठीच्या एव्हीआर-लिब्सी या लायब्ररीमध्येही नेहमीच्या प्रिंटएफमधून दशांश वगळलेले असतात, पण तिथे संख्येच्या जागी प्रश्नचिन्ह उमटते. एका बाइटचे ते चिन्ह दोष कुठे आहे ते तत्क्षणी सांगून टाकते.

सी++ची लायब्ररी आकसवताना निर्णय बिल्डच्या वेळीच होऊन जाण्याच्या याच प्रश्नाचे दुसरे रूप दिसले. आपला कोड एक्सेप्शन (चुका हाताळण्याची सोय) बंद करून कंपाइल केला, तरी लायब्ररी आधीच एक्सेप्शनसह बिल्ड झालेली असते. म्हणून नॅनोसोबत त्या लायब्ररीचेही एक्सेप्शनविना वेगळे बिल्ड द्यावे लागले.

२०१९ पासून पिकोलिब्सी या नावाने ओळखली जाणारी लायब्ररी न्यूलिबचा गाभा आणि एव्हीआर-लिब्सीचे इनपुट-आउटपुट यांच्या संयोगातून उभी राहिली. तिने रीएंट स्ट्रक्चर काढून टाकून थ्रेड-लोकल स्टोरेज (प्रत्येक थ्रेडचा स्वतःचा साठा) वापरले आणि बिल्डसाठी मेसॉन हे साधन स्वीकारले. प्रिंटएफची वेगवेगळ्या आकारांची रूपे तिच्यात आहेत. पूर्णांकांपुरते रूप निवडून दशांश छापायला सांगितला, तर दोन तारांकांच्या मध्ये 'फ्लोट' हा शब्द छापला जातो.