सामाजिक विम्यातले 'वेतन' : एका व्याख्येची पार्श्वभूमी

पगारपत्रक बारकाईने पाहणाऱ्या कामगाराला एक विसंगती लगेच जाणवते. भविष्यनिर्वाह निधीची कपात एका रकमेवर झालेली असते, कामगार राज्य विम्याची (ईएसआय) दुसऱ्या रकमेवर, आणि निवृत्तिवेतनाचा हिशेब होतो तो बहुधा तिसऱ्याच रकमेवर. तिन्ही ठिकाणी शब्द मात्र एकच आहे, 'वेतन'. भारतातल्या सामाजिक विम्याची चर्चा सहसा किती कामगार आत आले आणि किती बाहेर राहिले या मोजणीपाशी थांबते. आत आलेल्याच्या हाती शेवटी किती पडले, हे मात्र या एका शब्दाच्या अर्थावर ठरत आले आहे.

नुकसानभरपाईचा १९२३ चा कायदा हा मालकाच्या दायित्वाचा कायदा होता. वर्गणी भरून उभा राहणारा विमा त्यात नव्हता. तशा विम्याचा आराखडा १९४३ साली एका अर्थशास्त्रज्ञाकडे सोपवला गेला, पुढच्या वर्षी त्यांचा अहवाल आला, १९४८ मध्ये कामगार राज्य विम्याचा कायदा झाला आणि २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली या दोन ठिकाणी सुमारे १ लाख २० हजार कामगारांपासून योजनेला सुरुवात झाली. भविष्यनिर्वाह निधीचा वटहुकूम नोव्हेंबर १९५१ चा आणि कायदा १९५२ चा. सिमेंट, सिगारेट, अभियांत्रिकी, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड हे सहा उद्योग त्याने प्रथम आत घेतले, आणि कापडामुळे गिरणी कामगारांच्या बोलण्यात 'फंड' हा शब्द कायमचा रुजला.

दोन्ही कायद्यांना दोन दारे होती. पहिले दार डोकी मोजण्याचे. निधीसाठी आरंभी ५० कामगारांची अट होती, ती १९६० च्या अखेरीस २० वर आली आणि तिथेच राहिली. हजेरीपटावर १९ नावे ठेवून उरलेली माणसे दुसऱ्या नावाने चालवण्याची युक्ती या आकड्याइतकीच जुनी आहे, आणि ती रोखण्यासाठी एकदा लागू झालेला कायदा संख्या घटली तरी लागूच राहील, अशी तरतूद करावी लागली. नव्या आस्थापनांना पहिली काही वर्षे मिळणारी सूटही १९९७ पर्यंत चालू होती. या दारावर बरेच लिहिले गेले आहे. दुसरे दार वेतनमर्यादेचे, आणि त्याची गंमत अशी की दोन्ही योजनांत ते उलट्या दिशांना उघडते. निधीत एकदा सभासद झालेल्या कामगाराचा पगार मर्यादेपलीकडे गेला तरी त्याचे सभासदत्व टिकते, फक्त वर्गणी मर्यादेपुरती धरता येते. राज्य विम्यात मात्र पगार मर्यादा ओलांडून गेला, की चालू वर्गणी-कालावधी संपताच कामगार विम्याबाहेर पडतो. ही मर्यादा २०१० पासून १५,००० रुपये होती आणि जानेवारी २०१७ पासून ती २१,००० झाली. वेतनकरारात हजार-दोन हजारांची वाढ मिळाली आणि त्याच वर्षी कुटुंबाचे वैद्यकीय संरक्षण गेले, असा अनुभव औद्योगिक वसाहतींत नवा नाही. पगारवाढीला शिक्षा म्हणावी अशी ही रचना कोणी मुद्दाम केली नसेल, पण मर्यादा दरवर्षी न वाढवता सात-सात वर्षांनी वाढवली, की परिणाम तोच होतो.

आता मूळ गुंत्याकडे. १९५२ च्या कायद्याने 'मूळ वेतन' या शब्दाची व्याख्या करताना आधी सगळे वेतन आत घेतले आणि मग त्यातून महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, अतिकालिक भत्ता, बोनस, कमिशन 'किंवा तत्सम इतर भत्ता' वगळला. त्याच कायद्याच्या वर्गणीविषयक कलमाने महागाई भत्ता पुन्हा आत आणला. एका कलमात बाहेर गेलेली रक्कम दुसऱ्या कलमात परत येते, अशा या मांडणीत 'तत्सम इतर भत्ता' हे तीन शब्द मात्र उघडेच राहिले. त्या काळी पगार म्हणजे मूळ आणि महागाई, बाकी किरकोळ, अशी स्थिती असल्याने त्यांचे फारसे बिघडले नाही. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयाने एक कसोटीही घालून दिली होती. जे सर्वांना, नेहमी आणि आवश्यकपणे दिले जाते ते मूळ वेतन, आणि जे काहींनाच किंवा जादा कामासाठी मिळते ते वगळायचे. त्या निकालात उत्पादन-बोनस बाहेर गेला, पण कसोटी राहिली.

अडचण आली ती पुढे, पगाराची रचनाच बदलली तेव्हा. वर्गणीचा दर ६.२५ टक्क्यांवरून टप्प्याटप्प्याने वाढत १९९७ साली १२ टक्क्यांवर पोचला, आणि मालकाच्या दृष्टीने मूळ वेतनातला प्रत्येक रुपया महाग झाला. मग पगारपत्रकावर विशेष भत्ता, वाहतूक भत्ता, धुलाई भत्ता, शिक्षण भत्ता, व्यवस्थापन भत्ता अशी नावे उगवू लागली. पुष्कळ ठिकाणी कामगारानेही याला विरोध केला नाही, कारण कपात कमी म्हणजे हातात येणारी रक्कम जास्त. निधी प्रशासनाने नोव्हेंबर २०१२ मध्ये पगाराच्या अशा विभागणीविरुद्ध परिपत्रक काढले आणि महिनाभरात ते स्थगित ठेवले. इतक्या झटपट माघारीचे कारण परिपत्रकात दोष होता हे की ज्यांच्यावर ते लागू व्हायचे त्यांचे वजन होते हे, यावर मत ज्याने त्याने बनवावे. प्रस्तुत लेखकाचे मत दुसऱ्या बाजूला झुकते.

ही विभागणी निवृत्तिवेतनाशी जोडली गेली ती १९९५ मध्ये. १९७१ ची कुटुंब निवृत्तिवेतन योजना सभासदाच्या मृत्यूनंतर कुटुंबाला आधार देण्यासाठी होती. स्वतः जिवंत निवृत्त होणाऱ्याला तिच्यातून मासिक निवृत्तिवेतन नव्हते. १६ नोव्हेंबर १९९५ पासून तिच्या जागी नवी योजना आली आणि मालकाच्या वर्गणीतले वेतनाच्या ८.३३ टक्के निवृत्तिवेतन निधीकडे वळवले गेले. केंद्र सरकारने १.१६ टक्के द्यायचे ठरले. सभासदाच्या नावावर व्याजासह साचणारी रक्कम एका सामायिक भांड्यात गेली आणि बदल्यात एक सूत्र मिळाले : निवृत्तिवेतनपात्र वेतन गुणिले सेवेची वर्षे, भागिले ७०. कामगार संघटनांच्या एका गटाने याला न्यायालयात आव्हान दिले होते, परंतु २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना वैध ठरवली.

सूत्र साधे दिसते, पण त्यातले 'वेतन' हे मर्यादेने कापलेले वेतन आहे. योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा ५,००० रुपये होती, २००१ मध्ये ती ६,५०० झाली आणि त्यानंतर तेरा वर्षे हललीच नाही. १ सप्टेंबर २०१४ ला ती १५,००० झाली खरी, पण त्याच दुरुस्तीने सरासरी शेवटच्या १२ महिन्यांऐवजी ६० महिन्यांची केली आणि ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या सेवेला ६,५०० ची व पुढच्या सेवेलाच १५,००० ची मर्यादा लावण्याची प्रमाणशीर पद्धत आणली. १९७१ ते १९९५ या काळातल्या सेवेचा हिशेब तर सूत्रात बसतच नाही. त्यासाठी ८० ते १७० रुपयांच्या आतला एक ठरीव आकडा आणि त्याला लावायचा गुणक आहे. तीन दशके राबून निवृत्त झालेल्या माणसाच्या खात्यात दोन-अडीच हजार रुपये का येतात, याचे उत्तर या तीन तुकड्यांत आहे. किमान निवृत्तिवेतन १,००० रुपये करण्याची घोषणाही २०१४ चीच. निवृत्तांची ७,५०० रुपये किमान निवृत्तिवेतनाची मागणी अनेकांना अवाजवी वाटते, पण १५,००० च्या पूर्ण मर्यादेवर ३५ वर्षांची सेवा धरली तर सूत्र नेमके तेवढेच देते, हे ध्यानात घेतले पाहिजे. सूत्राने जे जवळजवळ टोकाला दिले असते, ते निवृत्त मंडळी तळाला मागत आहेत.

मर्यादेतून बाहेर पडण्याची एक फट १९९६ मध्ये ठेवली गेली होती. मालक आणि कामगार या दोघांनी मिळून विकल्प दिला, तर प्रत्यक्ष पगारावर वर्गणी आणि प्रत्यक्ष पगारावर निवृत्तिवेतन, अशी ती सोय होती. पुढे प्रशासनाने विकल्पाला मुदत असल्याचे सांगून अर्ज नाकारले, २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तशी अंतिम तारीख नसल्याचे म्हटले, २०१८ मध्ये केरळच्या उच्च न्यायालयाने २०१४ ची दुरुस्तीच रद्द केली, आणि ४ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती बहुतांशी ग्राह्य धरून पात्र सभासदांना विकल्पासाठी आणखी चार महिने दिले. मुदत वाढत वाढत जुलै २०२३ पर्यंत गेली आणि सुमारे साडेसतरा लाख अर्ज आले. या वादाला वृत्तपत्रांत भरपूर जागा मिळाली. पण तो मुख्यतः ज्यांचे मूळ वेतन मर्यादेच्या वर होते त्यांचा वाद होता. ज्यांचे मूळ वेतन कागदावर मुद्दाम खाली ठेवले गेले, त्यांचा प्रश्न वेगळा होता आणि त्यावरचा निकाल त्या मानाने शांतपणे आला.

तो निकाल २८ फेब्रुवारी २०१९ चा. एका शाळेचे आणि काही कारखान्यांचे दावे एकत्र ऐकून सर्वोच्च न्यायालयाने जुनीच कसोटी पुन्हा लावली : भत्ता सर्वांना मिळतो का, तो जादा उत्पादनाशी जोडलेला आहे का, मिळवणाऱ्याने नेहमीच्या कामापलीकडे काही केले आहे का. यांतले काहीच मालकाला दाखवता आले नाही, तर नाव काहीही असो, तो भत्ता मूळ वेतनाचाच वेष पालटलेला भाग. तत्त्व म्हणून निकाल कामगाराच्या बाजूचा होता. व्यवहारात त्याची धार १५,००० च्या रेषेपाशी बोथट झाली, कारण ज्याचे मूळ वेतन आणि महागाई भत्ता आधीच त्या रेषेच्या वर आहेत, त्याच्यासाठी मालकाने मर्यादेपुरतीच वर्गणी भरली तरी चालते. फरक पडायचा तो खालच्या पगाराच्या कामगाराला, विशेषतः कंत्राटदाराच्या हजेरीपटावरच्या माणसाला, आणि मागची थकबाकी मागण्यासाठी कागद जपून ठेवण्याची शक्यताही त्याचीच सर्वांत कमी.

राज्य विम्याच्या कायद्यातले 'वेतन' या सगळ्यापासून अलिप्त राहिले. तिथे घरभाडे भत्ता पहिल्यापासून आत होता. अतिकालिक भत्त्यावर वर्गणी घेतली जात होती, परंतु २१,००० ची मर्यादा तपासताना तो धरला जात नव्हता. वर्गणीचे दर जुलै २०१९ पासून मालकाचे ३.२५ आणि कामगाराचे ०.७५ टक्के इतके खाली आले. आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन हा लाभ याच व्यापक वेतनावर मिळत असल्याने, तात्पुरत्या आजाराचे संरक्षण म्हातारपणाच्या संरक्षणापेक्षा पगाराच्या अधिक जवळ राहिले. असंघटित क्षेत्रात तर हा प्रश्नच उद्भवत नाही. २००८ च्या कायद्याने तिथे योजना दिल्या, वेतनाशी बांधलेला हक्क दिला नाही. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली केलेला कायदा हा ठळक अपवाद. तिथे मजुरीवर लेव्ही बसते आणि मालक अनेक असले तरी हिशेब एका मंडळाकडे राहतो.

२०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने सामाजिक सुरक्षेच्या कायद्यांसाठी वेतनाची एकच व्याख्या आणली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ रोजी तिच्यासह कामगार कायद्यांच्या चारही संहिता अमलात आल्या. वगळलेल्या बाबी एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाल्या, तर वरचा भाग वेतनात मिळवायचा, हा या व्याख्येचा गाभा आहे. एखाद्याचा पगार २४,००० आहे, त्यात मूळ व महागाई मिळून ९,००० आणि घरभाडे व प्रवास भत्त्याचे १५,००० आहेत असे धरू. निम्मे म्हणजे १२,०००, म्हणून वरचे ३,००० वेतनात येतील आणि १२ टक्क्यांची वर्गणी १,०८० वरून १,४४० होईल. सुधारणा म्हणून याचे स्वागत झाले. पण सरसकट दिला जाणारा प्रवास भत्ता २०१९ च्या कसोटीने पूर्णच वेतनात आला असता. संहितेने तो नावानिशी वगळलेल्या यादीत घातला आहे आणि निम्म्याच्या मर्यादेत राहिला तर तो तिथेच राहणार आहे.