स्टेप्सचे मार्क आले कुठून?

माझी भाची परळला राहते, यंदा दहावीला आहे. परवा प्रिलिमचा बीजगणिताचा पेपर हातात मिळाला, ३ मार्कांचं शाब्दिक उदाहरण, उत्तर अगदी बरोबर आणि मार्क १, बाजूला लाल पेनाने 'स्टेप्स कुठे?' रडवेली होऊन म्हणाली, मामा, मनातल्या मनात केलं तर ते चूक कसं? बोर्डाचा नियम आहे एवढंच सांगून मला गप्प बसवेना, कारण ही गोष्ट बोर्डाहून खूपच जुनी आहे.

१८८१ मध्ये पेशावरजवळच्या बख्शाली गावात भूर्जपत्रावरची एक जुनी पोथी जमिनीत सापडली, आता ती ऑक्सफर्डला आहे. त्यात गणितं कशी मांडलीत बघा, आधी सूत्र, मग उदाहरण, मग स्थापना म्हणजे दिलेल्या संख्या नीट मांडून घेणं, मग करण म्हणजे प्रत्यक्ष कृती, आणि शेवटी प्रत्यय, म्हणजे आपण ज्याला ताळा म्हणतो तो. उत्तर आलं की संपलं असं नाही, ते परत घालून बघायचं. मला हे फार मोठं वाटतं.

भास्कराचार्यांनी ११५० मध्ये लीलावती लिहिली, त्यात कमळांचं उदाहरण आहे. कमळांचा एक तृतीयांश भाग शंकराला, एक पंचमांश विष्णूला, एक षष्ठांश सूर्याला, एक चतुर्थांश देवीला वाहिला आणि उरलेली ६ गुरूला, तर एकूण किती ते पटकन सांग. हो, श्लोकात 'क्षिप्रम्' म्हणजे पटकन असंच आहे! पण रीत दिलेली आहे, इष्टकर्म. समजा ६० कमळं धरली तर वाटून ३ उरतात, आपल्याला ६ हवीत, म्हणजे दुप्पट, १२०. दहावीत 'समजा एक्स मानू' म्हणतो त्याचंच हे जुनं घराणं. आणि हे कुठे लांबचं नाही, चाळीसगावजवळच्या पाटण गावी १२०७ चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला त्याचा.

पंतोजींच्या शाळेत मात्र सगळा भर पाठांतरावर, पावकी निमकी पाउणकी सवायकी दिडकी अडीचकी औटकी, म्हणजे अपूर्णांकांचे पाढे, पोरं घोकून घोकून तयार व्हायची. दुकानात उभ्या उभ्या हिशोब सांगायचा तर स्टेप्स कुणाला लागतात, आणि ते शिक्षण त्या कामाला उत्तमच होतं.

बदल झाला तो आपल्या मुंबईत. १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी शाळांसाठी मराठीत गणिताची पुस्तकं तयार केली, पुढे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये शिकवत होते. १८५७ ला मुंबई विद्यापीठ, १८५९ ला पहिली मॅट्रिक. माझ्या मते खरी कलाटणी या परीक्षेने दिली, कारण पंतोजी पोराला समोर बसवून विचारू शकत होते पण पेपर तपासणाऱ्याला पोरगं दिसतच नाही, त्याच्यापुढे फक्त कागद, मग पोराच्या डोक्यात काय चाललं होतं ते कागदावरच यायला हवं.

राज्य मंडळ १९६६ चं. आता दहावीला बीजगणित ४० आणि भूमिती ४०, त्यात 'कृती पूर्ण करा' असे प्रश्न, स्टेप्स छापलेल्या आणि मुलांनी चौकटी भरायच्या. हे मला पटत नाही. चौकट भरायला सोपी, पण पुढची पायरी कुठली ते शोधायची सवय कशी लागणार? आणि बख्शालीच्या पोथीतला प्रत्यय तर बहुतेक मुलं लिहीतच नाहीत, कारण त्याचे मार्क सहसा वेगळे नसतात. माझी खरी तक्रार ही आहे.

भाचीला कमळांचं गणित घातलं. तिने मनातच १२० काढलं, मग न सांगता पेपरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहिलं, ४०, २४, २०, ३०, झाले ११४, अधिक ६.