जर्मनीत सेडानला बाहेरची अलॉय चाकं बसवताना: आधी कागद, मग चाक

पुण्यात चाकं बदलणं म्हणजे टायरवाल्याच्या बाकड्यावर चहा पीत उरकायचं काम. भिंतीवर टांगलेली मॅग व्हील बघायची, भाव करायचा, जुनी चाकं तिथेच सोडून घरी यायचं. जर्मनीत सेकंड हँड बीएमडब्ल्यू ५ सिरीज घेतल्यावर मी त्याच सवयीने जाहिरात बघून २० इंची चाकांचा जोड उचलला. तपासणी केंद्रातल्या इंजिनिअरने चाकांकडे वळूनही न बघता विचारलं, "कागद?" विकणाऱ्याने दिले नव्हते, मी मागितले नव्हते. नंतर चाकावरच्या नंबरावरून कागद मिळवले, तर गाड्यांच्या यादीत माझं मॉडेलच नाही. चाकं तोटा सोसून विकली. तेव्हापासून ओळखीतलं कुणी अलॉयचे फोटो पाठवून "कशी दिसतील रे?" असं विचारलं, की मी आधी त्या चाकाची पीडीएफ मागतो.

इथला कायदा गाडीकडे एक अख्खी वस्तू म्हणून बघतो. कंपनीने जशी बनवली तशी तिला रस्त्यावर चालण्याची परवानगी असते, तिचं नाव बेट्रीब्सएरलाउबनिस. एसटीव्हीझेडओ या नियमावलीच्या कलम १९ नुसार धोका निर्माण होईल असा बदल केला, तर ही परवानगी आपोआप संपते. कुणी नोटीस पाठवत नाही. चाक मान्यताप्राप्त असल्याचा कागद असेल आणि त्यातल्या अटी पाळल्या असतील तरच ती टिकते. म्हणून या सगळ्या प्रक्रियेत 'पात्रता' तुमची नसते, चाक आणि गाडी या जोडीची असते.

सुरुवात स्वतःच्या गाडीच्या कागदांपासून

फार्त्सॉइगशाइन, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्राचा भाग १, समोर ठेवा. रकाना १५.१ आणि १५.२ मध्ये पुढच्या आणि मागच्या टायरचं माप असतं. बरेच जण इथेच फसतात. त्यांना वाटतं, तिथे छापलेलं तेवढंच एक माप चालतं. प्रत्यक्षात तिथे फक्त एकच माप छापतात. कंपनीने मान्य करून घेतलेली बाकीची मापं सीओसी नावाच्या अनुरूपता प्रमाणपत्रात असतात, रकाना ३५ मध्ये आणि कधीकधी शेवटच्या शेऱ्यांत. सीओसी हरवलं असेल तर गाडीच्या कंपनीकडून पैसे भरून नवीन मिळतं.

उदाहरणार्थ, २०१७ मध्ये आलेल्या जी३० पिढीच्या ५ सिरीजच्या कागदावर २४५/४५ आर १८ (मिमीतली रुंदी, रुंदीच्या टक्क्यांत टायरच्या भिंतीची उंची, आणि इंचांत रिमचा व्यास) असू शकतं, आणि तिच्या सीओसीत पुढे २४५/३५ आर २० व मागे २७५/३० आर २० ही जोडीही. तसं असेल आणि तुम्ही त्याच मापाची कंपनीची मूळ चाकं घेतलीत, तर तपासणी नाही, नोंद नाही, अर्ज नाही. हा सर्वांत कमी कटकटीचा मार्ग आहे. माझं मत विचाराल तर निम्म्या लोकांनी इथेच थांबावं. अपघातात न सापडलेली मूळ चाकं सेकंड हँड बाजारात भरपूर मिळतात.

आणखी दोन रकाने लिहून घ्या. ८.१ आणि ८.२ मध्ये पुढच्या व मागच्या अ‍ॅक्सलवर किती वजन चालतं ते असतं. मागचा आकडा समजा १२५० किलो असेल, तर एका चाकावर त्याच्या निम्मं, म्हणजे ६२५ किलो येणार. नव्या चाकाची भारक्षमता त्याहून कमी असेल तर विषय तिथेच संपला. टायरचंही तेच. टायरवर छापलेला भाराचा आकडा, म्हणजे लोड इंडेक्स, ९५ असेल तर ६९० किलो, ९९ म्हणजे ७७५. त्याच्या शेजारचं वेगाचं अक्षर रकाना टी मधल्या कमाल वेगाला पुरलं पाहिजे: व्ही ताशी २४० किलोमीटरपर्यंत, डब्ल्यू २७० पर्यंत, वाय ३०० पर्यंत.

चाकासोबत येणारे कागद

बाहेरच्या चाकाला चारपैकी एक आधार लागतो. पहिला म्हणजे युरोपीय ई-खूण, नियम क्रमांक १२४ खाली दिलेली. ती गाडीच्या मूळ मापाच्याच चाकांना मिळते, त्यामुळे यादीत तुमची गाडी असेल तर वेगळी तपासणी लागत नाही. दुसरा आ-बे-ए, म्हणजे फ्लेन्सबुर्गच्या केबीए या केंद्रीय वाहन कार्यालयाने दिलेली सर्वसाधारण मान्यता. तिचा पाच अंकी केबीए क्रमांक चाकावरच ओतलेला असतो. तिसरा टाइलेगुटआख्टेन, म्हणजे त्या भागाचा तांत्रिक अहवाल. हा असेल तर चाकं बसवल्यावर लगेच तपासणी करून घ्यावीच लागते. यातलं काहीच नसेल तर चौथा मार्ग कलम २१ खालच्या स्वतंत्र तपासणीचा. तो महाग आहे, वेळखाऊ आहे, आणि चाकाच्या मजबुतीचा काही तरी पुरावा तिथेही मागतातच. चाकावर नुसतं जेडब्ल्यूएल किंवा व्हीआयए कोरलेलं असेल तर त्या जपानी खुणा आहेत. भारतातून सामानात आणलेल्या चाकावर आयएसआयचा शिक्का असला तरी इथल्या इंजिनिअरच्या लेखी तो कागद नव्हे.

आता आ-बे-एबद्दल थोडं सविस्तर, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिच्याबद्दल आहेत. विक्रेते "आ-बे-ए आहे, म्हणजे नोंदीची भानगड नाही" असं ठोकून देतात. हे अर्धसत्य आहे. आ-बे-एच्या मागे गाडीच्या कंपनीनुसार जोडपत्रं असतात. त्यात तक्ता असतो: गाडीचा टाइप, पॉवरची मर्यादा, चालणारं टायरचं माप, आणि शेवटच्या स्तंभात अक्षर-आकड्यांचे बारीक संकेत. खरा मजकूर या संकेतांत दडलेला असतो आणि त्यांचा अर्थ जोडपत्राच्या शेवटच्या पानांवर असतो. एखादा संकेत सांगतो, चाकं बसवल्यावर गाडी लगेच तपासनीसाला दाखवा. म्हणजे आ-बे-ए असूनही तपासणी आलीच. दुसरा सांगतो, मागच्या मडगार्डची आतली कड दुमडा. तिसरा सांगतो, बर्फाच्या साखळ्या चालणार नाहीत. चौथा सांगतो, हे माप फक्त ऑल-व्हील ड्राइव्ह नसलेल्या गाडीला. एकाच चाकाला, एकाच गाडीवर, एका टायरसाठी तपासणी नको आणि दुसऱ्या टायरसाठी हवी, असंही होतं.

तक्त्यात आपली ओळ शोधताना "५ सिरीज" एवढ्यावर जाऊ नका. शाइनमधल्या डी.२ रकान्यातला टाइप आणि के रकान्यातला मान्यता क्रमांक दोन्ही जुळले पाहिजेत. एफ१० ही आधीची पिढी आणि जी३० नावाला एकच, पण एफ१० चे पाच बोल्ट १२० मिमीच्या वर्तुळावर आणि जी३० चे ११२ मिमीच्या. मधलं भोक एकीचं ७२.६, दुसरीचं ६६.६. मित्राने जुन्या गाडीची चाकं फुकट दिली तरी ती बसणार नाहीत.

मापांचं गणित

ईटी म्हणजे चाकाच्या मध्यरेषेपासून हबला (गाडीच्या ज्या भागावर चाक बोल्टने बसतं त्याला) टेकणाऱ्या पृष्ठभागाचं मिमीतलं अंतर. आकडा कमी झाला की चाक बाहेर येतं. मूळ चाक ८ इंच रुंद, ईटी ३०, आणि तुम्ही घेताय ९ इंच, ईटी २५, असं धरू. एक इंच वाढीचा निम्मा, १२.७ मिमी, दोन्हीकडे वाटला जातो. त्यात ईटीमुळे बाहेर आणखी ५ मिमी. म्हणजे बाहेरची कड १७.७ मिमी पुढे सरकली आणि आतली कड सस्पेन्शनच्या ७.७ मिमी जवळ गेली. चाकाच्या मध्यातून जाणाऱ्या उभ्या रेषेच्या पुढे ३० आणि मागे ५० अंशांपर्यंत टायरचा माथा मडगार्डखाली झाकलेला हवा. तपासनीस हे डोळ्यांनीच बघतो आणि फसत नाही.

टायरचा एकूण व्यासही सांभाळा. २४५/४५ आर १८ चा व्यास ६७७.७ मिमी, २४५/३५ आर २० चा ६७९.५. फरक २ मिमीही नाही. पण कुणी "जरा भरदार दिसेल" म्हणून २४५/४० आर २० घातलं तर तो ७०४ मिमी होतो. काटा १०० वर असताना गाडी आधीपेक्षा जवळजवळ ४ टक्के जास्त वेगात असते, आणि स्पीडोमीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी दाखवणं नियमात बसत नाही.

बसवणं आणि तपासणी

मधलं भोक मोठं असेल तर चाकासोबत आलेली सेंटरिंग रिंग घालायची. बोल्ट जुने वापरायचे की नवे, हेही कागदातच लिहिलेलं असतं, कारण काही चाकांना शंकूच्या आकाराचं बूड लागतं आणि मर्सिडीजसारख्या गाड्यांच्या मूळ बोल्टचं बूड गोल असतं. चुकीच्या बुडाचा बोल्ट घट्ट बसल्यासारखा वाटतो आणि वाटेत सैल होतो. जी३० ला टॉर्क रेंचने १४० न्यूटन मीटर, आणि साधारण ५० किलोमीटर चालल्यावर पुन्हा एकदा ताण तपासायचा. हवेच्या दाबाचे सेन्सर विसरू नका. १ नोव्हेंबर २०१४ पासून नोंदल्या गेलेल्या नव्या गाड्यांना दाब-निरीक्षण यंत्रणा सक्तीची आहे. ती बंद असेल तर तपासणीत दोष लागतो.

तपासणी लागणार असेल तर बसवल्यावर सरळ केंद्रात जा. टीयूव्ही, डेक्रा, जीटीयू, केयूएस यांपैकी कुठेही कलम १९.३ ची तपासणी होते, अपॉइंटमेंट मात्र आधी घेऊन ठेवा. सोबत शाइन, चाकाचे सगळे कागद जोडपत्रांसह, आणि सस्पेन्शन खाली केलं असेल तर त्याचेही कागद. हे शेवटचं महत्त्वाचं आहे, कारण स्प्रिंग आणि चाकं हे दोन बदल एकत्र आले की वेगवेगळे कागद पुरेसे ठरतीलच असं नाही. इंजिनिअर गाडीची एक बाजू उंचावून चाक पूर्ण आत दाबतो, स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवतो, कुठे घासतंय का बघतो. सगळं ठीक असेल तर तो प्रमाणपत्र देतो, आणि त्यावरच लिहितो की नोंदणीचे कागद लगेच बदलून घ्यायचे, की पुढच्या वेळी काही कामाने कार्यालयात जाल तेव्हा.

नोंद त्सुलासुंग्सश्टेले, म्हणजे वाहन नोंदणी कार्यालयात होते. पासपोर्ट आणि पत्त्याचं प्रमाणपत्र, शाइन, तपासणीचं प्रमाणपत्र, गाडीच्या शेवटच्या मुख्य (ठरावीक काळाने होणाऱ्या) तपासणीचा अहवाल, एवढं न्या. भाग २, ज्याला लोक अजून ब्रीफ म्हणतात, तोही मागू शकतात. स्वतः जाता येत नसेल तर सहीचं अधिकारपत्र आणि ओळखपत्र देऊन दुसऱ्याला पाठवता येतं. गाडी लीजवर किंवा कर्जावर असेल तर भाग २ बँकेकडे असतो आणि बदलाला त्यांची लेखी परवानगी लागते. ती चाकं विकत घेण्याआधी मागा. परत देताना मूळ चाकं लागतील, म्हणून तळघरात जागाही ठेवा. विमा कंपनीलाही एक ईमेल टाकून ठेवा.

परवानगी संपलेली गाडी चालवताना सापडलात आणि सुरक्षिततेला बाधा येते असं ठरलं, तर चालकाला ९० युरो दंड आणि फ्लेन्सबुर्गला ठेवल्या जाणाऱ्या वाहतूक-गुन्ह्यांच्या खात्यात १ पॉइंट. मालकाने जाणूनबुजून तशी गाडी रस्त्यावर येऊ दिली तर त्याला १३५. दंडापेक्षा जास्त बोचतं ते गाडी तिथेच उभी करायला लावणं, आणि तेही ऑटोबानच्या पार्किंगमध्ये रविवारी संध्याकाळी.

थंडीच्या चाकांचं प्रकरण स्वतंत्र आहे. त्या जोडालाही हेच सगळे नियम लागू होतात आणि त्याची वेगळी आ-बे-ए असते. १ ऑक्टोबर २०२४ पासून बर्फाळ रस्त्यावर टायरवरची नुसती एम+एस (चिखल आणि बर्फ) खूण चालत नाही, टायरवर डोंगर आणि हिमकणाचं चिन्ह लागतं. थंडीसाठी १८ इंचावर उतरणं शहाणपणाचं. खड्डे आणि मीठ दोन्हींपासून महागडी चाकं वाचतात, फक्त आतल्या मोठ्या ब्रेकवर १८ इंची रिम बसते का, तेवढं तक्त्यात बघून घ्या. ऑक्टोबरात चाकं बदलताना ग्लोव्ह बॉक्समधले कागदही बदलायचे असतात. नोंद न लागणाऱ्या चाकाची आ-बे-ए सोबत नसेल तर १० युरोचा दंड आहे. मी दोन्ही जोडांच्या प्रती एकाच प्लास्टिकच्या पाकिटात ठेवतो.