भर उन्हातला फ्लॅश: पार्श्वभूमी

दुपारच्या उन्हात डोळ्यांच्या खोबणीत पडणारी काळी सावली फ्लॅशने उजळायची, ही युक्ती फ्लॅशबल्बच्या काळापासून चालत आली आहे. उन्हात अडचण कायम शटरची, म्हणजे ठरावीक वेळ प्रकाश आत सोडणाऱ्या झडपेची होती: फ्लॅशचा झटका क्षणभराचा असतो, त्या क्षणी पूर्ण फ्रेम उघडी हवी.

लेन्समधले लीफ (पाकळ्यांचे) शटर प्रत्येक वेगाला पूर्ण उघडते, त्यामुळे ते वापरणारे १/५०० सेकंदापर्यंत निर्धास्त असत. ३५ मिमी एसएलआरमधले (आरशातून लेन्समधलेच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातले) शटरचे कापडी पडदे मात्र साधारण १/६० पर्यंतच पूर्ण फ्रेम उघडी ठेवत. भर ऊन, १०० आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) आणि १/६० म्हणजे अ‍ॅपर्चर (लेन्सचे छिद्र; एफचा आकडा मोठा तितके ते लहान) जवळपास एफ/२०. गाइड नंबर (फ्लॅशची ताकद; त्याला एफच्या आकड्याने भागले की पल्ला मीटरमध्ये मिळतो) ३६ चा फ्लॅश तिथे पूर्ण ताकद लावूनही पावणेदोन मीटरपर्यंतच उन्हाची बरोबरी करतो. १९८० च्या दशकात उभे धावणारे धातूचे पडदे १/२५० वर पोचले, अ‍ॅपर्चर एफ/१० वर आले आणि तोच फ्लॅश साडेतीन मीटरपर्यंत पुरू लागला. माझ्या मते उन्हातल्या पोर्ट्रेटसाठी एवढी मोठी सुधारणा पुढे फार काळ झाली नाही.

पण एफ/१० ला मागचे सगळे स्पष्ट दिसते. बॅकग्राउंड धूसर हवी तर एफ/२.८, म्हणजे शटर १/३२०० च्या आसपास. या वेगाला दोन पडद्यांमध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट उरते, ती फ्रेमवरून सरकत जाते. फ्लॅशचा एकच झटका दिला तर तेवढीच पट्टी उजळेल, बाकीची फ्रेम फ्लॅशविनाच राहील. यावर १९८६ मध्ये एका जपानी कंपनीने तोडगा काढला: फट सरकत असेपर्यंत फ्लॅशने झपाट्याने लुकलुकत राहायचे. १९९० च्या दशकात इतर कंपन्यांनीही तो उचलला. हेच हाय-स्पीड सिंक.

उन्हात हाय-स्पीड सिंक वापरायचे की फिल्टर, हा वाद इथून सुरू होतो. फ्लॅश पूर्ण वेळ पेटतो, पण त्यातला बहुतेक प्रकाश पडद्यांवरच आपटून वाया जातो. दुसरा मार्ग एनडी फिल्टरचा, म्हणजे प्रकाश कमी करणाऱ्या करड्या काचेचा: शटर १/२५० वरच ठेवायचे, लेन्सवर चार स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा किंवा दुप्पट) फिल्टर लावायचा आणि अ‍ॅपर्चर उघडायचे. फिल्टर ऊन आणि फ्लॅश दोन्ही सारखेच कमी करतो, त्यांचे प्रमाण बदलत नाही. त्यामुळे उन्हाच्या तुलनेत फ्लॅशचा जोर हाय-स्पीड सिंकपेक्षा एक ते दोन स्टॉप जास्त मिळतो. दोन स्टॉप म्हणजे एका फ्लॅशऐवजी चार फ्लॅश! तरीही फिल्टर मागे पडला. एसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार व्हायचा, ऑटोफोकस चाचपडायचा, स्वस्त फिल्टरने त्वचेचा रंग बिघडायचा. या तक्रारी खऱ्याच होत्या. पण मिररलेसच्या (आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या) इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडरने पहिली तक्रार जवळपास मिटवली, तरी शिकवताना अजून हाय-स्पीड सिंकच आधी सांगितले जाते. हे मला पटत नाही. मॉडेल चार मीटरवर आणि फ्लॅशवर प्रकाश मऊ करणारा सॉफ्टबॉक्स असेल, तर छोटा फ्लॅश हाय-स्पीड सिंकमध्ये उन्हापुढे टिकतच नाही.

२०२३ च्या अखेरीस ग्लोबल शटरचा पहिला फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा जाहीर झाला. पूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो, त्यामुळे पडद्यांची अट संपली. आता मर्यादा फ्लॅशचीच. पूर्ण ताकदीवर छोट्या फ्लॅशचा झोत साधारण १/१००० सेकंद टिकतो, आणि १/१०००० ला शटर त्यातला एक तुकडाच पकडू शकते.