गंजाच्या काडीतलं नेढं

संग्रहालयाच्या पुरातत्त्व विभागात तलवारी आणि भाल्याची पाती ठेवलेल्या खणातच कधी कधी एखादी छोटी प्लास्टिकची डबी असते. आत ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी आणि एक तपकिरी, खडबडीत, मध्येच फुगलेली काडी. चिठ्ठीवर लिहिलेलं असतं, ‘लोखंडी सुई’. पण नेढं तर कुठेच दिसत नाही. मग ही सुई ओळखली कशी?

नेढं सापडतं ते क्ष-किरणांनी. एक घन सेंटिमीटर लोखंडाचं वजन सुमारे ७.९ ग्रॅम भरतं, तर गंजातल्या गोथाइट या नेहमीच्या खनिजाचं जेमतेम ४.३. लोखंड क्ष-किरण जास्त अडवतं, गंज कमी. त्यामुळे चित्रात बाहेरचे फुगवटे फिके पडतात आणि आत सरळ, सडपातळ सुई उमटते. तिच्या एका टोकाला लांबट भोक दिसतं.

सुई मुळात इतकी बारीक, की पुष्कळदा आत धातू उरलेलाच नसतो. लोखंडाचं गोथाइट होताना आकारमान जवळपास तिप्पट होतं, म्हणून ती काडी फुगते. पण मूळ पृष्ठभागाची खूण गंजाच्या थरांमध्येच राहते आणि आत पोकळी तयार होते. सुई जाते, साचा उरतो.

इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉपरगेट इथे १९७६ ते १९८१ या काळात उत्खनन झालं. तिथल्या ओल्या मातीत हवा फारशी पोचत नव्हती, त्यामुळे व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातल्या दर्यावर्दी लोकांच्या, काळातल्या अनेक वस्तू टिकल्या. त्यात लोखंडी सुयाही होत्या. नेढं करायच्या तिथे दोन तऱ्हा दिसतात. एकीत टोक ठोकून चपटं करायचं आणि भोक पाडायचं. दुसरीत टोक उभं चिरायचं, दोन फाटे वाकवून पुन्हा जवळ आणायचे आणि शेंड्याशी जोडायचे. मला ही दुसरी तऱ्हा थक्क करते. लोखंडाला लोखंड जोडायचं तर ते जवळपास पांढरं होईपर्यंत तापवावं लागतं. पण इतकी बारीक तार त्या आचेत क्षणात जळू शकते आणि भट्टीबाहेर काढली की तितक्याच झटकन निवते. लोहाराला मिळतो तो एखादा श्वास, तेवढ्यात हातोडीचा हलका घाव बरोबर बसायला हवा. त्यात जुन्या भट्टीतल्या लोखंडात मळीचे, म्हणजे धातू गाळताना उरणाऱ्या काचेसारख्या कचऱ्याचे, तंतू अडकलेले असायचे. असा तंतू नेढ्याजवळ आला, की सुई तिथेच तुटायची.

एवढी खटपट कशासाठी? हाडाच्या सुईला नेढ्यापाशी जाडी ठेवावीच लागते, नाहीतर ती मोडते. त्यापेक्षा बारीक लोखंडी सुईने कापडाला पडणारं भोक लहान राहतं आणि शिवण घट्ट बसते.

गंजाने आणखी एक गोष्ट राखून ठेवलेली असते. सुई कापडाला टोचलेली किंवा कापडात गुंडाळलेली पुरली गेली, तर विरघळलेलं लोह धाग्यांत झिरपतं. धागा कुजतो, पण त्याचा आकार खनिजात राहतो. सूक्ष्मदर्शकाखाली धाग्याचा पीळ डावा की उजवा हे कळतं, लोकरीच्या तंतूवरचे खवलेसुद्धा कधी कधी दिसतात. पूर्वी चमकदार धातू दिसावा म्हणून गंज खरवडून काढत, त्यात हे सगळं जायचं. फार मोठं नुकसान झालं ते. आता आधी क्ष-किरण, मग सूक्ष्मदर्शक, आणि गरज असली तरच धारदार पातं.

गंजात मातीतले क्लोराइड क्षार दडलेले असतात. आत थोडंही लोखंड शिल्लक असेल, तर दमट हवेत त्यावर पिवळट आम्लाचे थेंब जमतात आणि काडी चिरत जाते. म्हणून डबीतली आर्द्रता १५ टक्क्यांच्या खाली ठेवायचा प्रयत्न असतो. ती पुडी त्यासाठीच असते, आणि ठरावीक काळाने ती बदलावी लागते.