मचाण (येऊर)

पाणवठ्यावर लक्ष ठेवण्यासाठी झाडावर बांधलेला लाकडी किंवा बांबूचा माळा. ठाणे शहराला पश्चिमेकडून लागून असलेले येऊर हे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे वनपरिक्षेत्र आहे. वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, प्राण्यांच्या नोंदींसाठी इथे मचाण वापरतात.

मूळ शब्द संस्कृत ‘मंच’. शेतकऱ्याचा राखणीचा माळा त्याच कुळातला. त्यावर बसून गोफणीने पाखरे आणि हाळ्या घालून रानडुकरे हाकलत. पुढे शिकाऱ्यांनी मचाण उचलले. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर बंदुकीची जागा नोंदवहीने घेतली.

मचाण पाण्यापासून पंधरा-वीस मीटरांवर, जमिनीपासून चार-पाच मीटर उंच असते. ही उंची बिबट्यापासून बचावासाठी असल्याचा समज चुकीचा आहे. बिबट्या झाडावर सहज चढतो. उंचीमुळे माणसाचा वास वरच्या वर निघून जातो आणि नजर लांब पोहोचते. मे महिन्यात दिवसा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून वारा येतो, म्हणून मचाण पाणवठ्याच्या पूर्वेला बरे. तोटा एवढाच, की चंद्र वर चढेपर्यंत त्याच झाडाची सावली पाण्यावर पडते.

झाड जिवंत आणि भक्कम बेचक्याचे, ऐनासारखे असावे. आग्या मोहोळ किंवा ओंबिलांची (चावऱ्या लाल मुंग्यांची) घरटी असलेले झाड सोडून द्यावे. दोन जाड वासे बेचक्यात आडवे टाकून त्यांवर बांबू एकमेकांना चिकटवून बांधतात. दोघांना दीड बाय दोन मीटर जागा पुरते. खिळे मारत नाहीत, काथ्याने आवळतात. उद्यानातला बांबू तोडता येत नसल्याने तो बाहेरून आणावा लागतो. ओला बांबू वाळला की आकसतो आणि गाठी सैल पडतात. म्हणून बसण्याआधी त्या पुन्हा आवळाव्यात. बांबू बांबूवर घासून करकरतो, आणि तेवढ्या आवाजाने सांबर ‘पोंक’ करून अख्खे रान सावध करते. सांध्यांत गोणपाटाची पट्टी घातली की आवाज थांबतो. कमरेएवढा पाल्याचा आडोसा त्याच झाडाच्या जातीचा हवा.

बैठक साधारण चोवीस तासांची. वेळ, प्राणी, संख्या, नर-मादी-पिल्ले एवढेच लिहायचे. विजेरी, अत्तर, चमचमीत डबा नको. एकच चितळ दोनदा आले तर दोनदा मोजले जाते, आणि आदल्या दिवशी वळीव पडला तर जागोजागी पाणी साचून पाणवठा ओसच राहतो. त्यामुळे या आकड्यांना खरी गणना म्हणता येत नाही. बिबट्यांची संख्या कॅमेरा ट्रॅपमध्ये (प्राणी समोर आला की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यात) टिपलेल्या अंगावरच्या ठिपक्यांवरून काढतात. वनविभागही आता या रात्रीला ‘निसर्गानुभव’ म्हणतो.