गाडी पुसताना काय झिजतं?

नवी काळी गाडी घेतली तेव्हा पहिले आठ महिने मी ती रोज सकाळी जुन्या बनियनच्या फडक्याने पुसायचो. कोरडीच. शेजाऱ्यांची त्याच रंगाची गाडी मात्र धूळ खात उभी असायची. आठवड्यातून एकदा, तेही आठवण झाली तर, तिच्यावर पाईप फिरायचा. एका रात्री पार्किंगमध्ये किल्ली पडली म्हणून मोबाईलचा टॉर्च लावला आणि उजेड बोनेटवर गेला. कोळ्याने जाळं विणावं तसे बारीक गोल गोल चरे! शेजाऱ्यांच्या गाडीवर जवळपास काही नाही. पोटात गोळाच आला.

गाडीच्या पत्र्यावर आधी गंज रोखणारा थर असतो, मग प्रायमर, मग रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळं मिळून साधारण 100 ते 150 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातला क्लिअर कोट 40-50 मायक्रॉनचा. डोक्याचा केस साधारण 70 मायक्रॉन जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या. शोरूममध्ये आपण ज्या चकाकीवर भाळतो ती या केसाहून पातळ थराची, आणि उन्हातल्या अतिनील किरणांपासून खालचा रंग सांभाळतो तोही हाच.

आता धुळीकडे या. फ्रीडरिश मोस या जर्मन खनिजतज्ज्ञाने 1812 मध्ये कोण कोणाला ओरखडतं यावरून खनिजांची 1 ते 10 अशी उतरंड लावली. तिच्यात आपलं नख अडीचच्या आसपास बसतं, चाकूचं पोलाद साडेपाचच्या, गारगोटी म्हणजे क्वार्ट्झ 7 वर. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड म्हणजे बेसॉल्ट. त्यातलं फेल्डस्पार 6 च्या घरात. शेजारच्या बांधकामावरून उडून येते ती क्रश सँडची भुकटी म्हणजे बहुतेक हाच दगड दळलेला. आणि क्लिअर कोट? तो पडला प्लास्टिकच्या जातीचा. या कणांपुढे त्याचा टिकाव लागणं शक्यच नाही. कण नुसता बसून असेल तोवर फारसं बिघडत नाही. फडकं त्याला दाबून पुढे ओढतं तेव्हा तो चर पाडतो. कापड मऊ होतं हो, असं मी बरेच दिवस स्वतःला समजावलं. पण पॉलिश पेपरचा कागदही मऊच असतो की.

चरे गोल दिसले म्हणून मला वाटलं, हात गोल फिरवल्यामुळे झालं. तसं नाही. चरे आडवेतिडवे, सगळ्या दिशांना असतात. प्रत्येक चर प्रकाश मुख्यतः आपल्या लांबीला काटकोनात फेकतो. त्यामुळे दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती जे चरे वर्तुळाच्या रेषेत पडलेले असतील तेवढेच उजळतात, बाकीचे अंधारात राहतात. टॉर्च सरकवा, वर्तुळंही त्याच्या मागे सरकतात. घासून घासून जुनं झालेलं स्टीलचं ताट बल्बखाली धरलंत तर हाच खेळ दिसेल.

हे चरे घालवायचे तर गॅरेजवाले रबिंग सुचवतात. रबिंग चर भरत नाही. आजूबाजूचा क्लिअर कोट चराच्या तळापर्यंत उतरवतं. दर वेळी पातळ थर आणखी पातळ. म्हणून मी अजून केलेलं नाही.

धुण्याचं सगळं शास्त्र मग एवढ्यावर येतं, की हात लागण्याआधी जितके कण निघतील तितके काढायचे. आधी नुसतं पाणी, टपापासून खाली, भरपूर. मग कार शाम्पू. त्याचा फेस मळ सोडवतो, शिवाय कण आणि रंग यांच्यामध्ये निसरडा थर ठेवतो. कपड्यांची पावडर नको, तिच्यातला सोडा क्लिअर कोटवर लावलेला मेणाचा (वॅक्सचा) थर उडवतो. बादल्या दोन हव्यात. एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, आणि फडकं दर वेळी आधी साध्या पाण्यात खळबळायचं. धुऊन झाल्यावर त्या दुसऱ्या बादलीच्या तळाशी बोट फिरवून पाहा, बारीक रेती हाताला लागते. एकच बादली असती तर ती पुन्हा बोनेटवर गेली असती. दारांचा खालचा भाग आणि चाकं सर्वांत शेवटी, वेगळ्या फडक्याने.

ऊन टाळा. एप्रिलच्या दुपारी काळ्या बोनेटवर हात टेकवत नाही; तिथे पाणी पुसायच्या आत उडून जातं आणि बोअरचं असेल तर कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार मागे पांढरे ठिपके ठेवून जातात. ताजे ठिपके पाणी घातलेल्या व्हिनेगरने निघतात, पण सावलीत, आणि लगेच धुऊन टाकायचं. पक्ष्यांच्या विष्ठेची गोष्ट उलटी: ती उन्हात क्लिअर कोटमध्ये खड्डा पाडते, तेव्हा वाट पाहू नये. मात्र खरवडूही नये. ओला टिश्यू दहा मिनिटं ठेवला की मऊ होऊन उचलली जाते.

आमच्या सोसायटीत पहाटे गाड्या पुसायला काका येतात. वीसेक गाड्या, एक बादली. त्यांना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग साहेब, रोज पुसायचं काय?" शेवटी ठरलं असं: माझ्या गाडीच्या रोज फक्त काचा, आणि रविवारी बादल्या मी आणायच्या. पैसे तेवढेच. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलंच, काकांशी भांडण झालं का म्हणून.